लालसर औषधाचा प्रवास

सावनेरहून नागपूरला उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शिरेतून जे लालसर औषध दिले जाते, त्या डॉक्सोरुबिसिनचा मोठा दोष म्हणजे ते हृदयालाही इजा करते. त्यावरच्या उपायाची सुरुवात एका जुन्या शोधात आहे: १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप पोकळ पिशव्या बनवतात असे आढळले, आणि या पिशव्यांना पुढे लायपोसोम म्हटले गेले. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे पाझरून साचतात, हे जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. सुमारे १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अशा पिशव्यांत भरलेले डॉक्सोरुबिसिन १९९५ मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ नावाने आले. त्याचा तुटवडा पडला तेव्हा, २०१२ मध्ये, तेथील औषध नियंत्रकांनी मुंबईच्या सन फार्माचे ‘लायपोडॉक्स’ तात्पुरते आयात करू दिले. गाठीपर्यंतचा पल्ला मात्र अजून लांबच आहे, कारण २०१६ च्या एका आढाव्यात प्राण्यांवरील प्रयोगांत दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के भरले.