मिठाच्या पाण्यातला तुकडा

परवा इटियाडोहला आतेभावाकडे गेलो होतो. धरण काठोकाठ भरलेलं, पण हा गप्प गप्प. "दादा, तोंड पुरं उघडतच नाई." पंधरा वर्षं खर्रा! गालात पांढरा चट्टा दिसला म्हणून डॉक्टरांनी तुकडा काढला, कुणीतरी तो सलाईनमध्ये टाकून शहरात पाठवला. तीन दिवसांनी निरोप आला: तुकडा सडलाय, पुन्हा घ्या.

आता सडला म्हणजे काय? शरीराबाहेर आलेल्या पेशीला तिचीच एन्झाईम्स खाऊन टाकतात. सलाईन ते थांबवत नाही, फॉर्मालिन थांबवतं. हे कळलं तेही अपघातानेच. १८९३ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्लुम फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होता, तर त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली. मग त्याने तेच प्राण्यांच्या तुकड्यांवर करून पाहिलं. आजही तुकड्याच्या किमान दसपट फॉर्मालिन बाटलीत हवं म्हणतात.

पुढचं काम सगळं पाणी काढण्याचं. चढत्या ताकदीचं अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. मेणाची वडी थंड झाली की मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा! शेवटी रंग. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळं, इओसिनने बाकीचं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मूळचं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं.

आपल्याकडे या कामाला उंची दिली ती डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी एक लेख लिहिला. जळतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला, खैनी धरणाऱ्यांच्या खालच्या ओठाला, आणि धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कमरेला कॅन्सर! सवय आणि आजाराची जागा यांचं नातं त्यांनी दाखवून दिलं. खर्रा त्याच रांगेतला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, इनपुटच खराब तर आउटपुट काय येणार. इथे इनपुट माणसाच्या गालाचं असतं आणि ते पुन्हा कापावं लागतं.

असो. दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्येच गेला, बाटली मी स्वतः पाहिली. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्यात. भावाने खर्रा सोडलाय. निदान माझ्यासमोर तरी.