काताला जोडीदार लागत नाही

कराटेच्या जगात दोन गट आहेत आणि त्यांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही. पहिला परंपरेचा. त्याचे म्हणणे, काता, म्हणजे ठरलेल्या चालींचा क्रम, सेन्सेईच्या (शिक्षकाच्या) नजरेखाली ओळीत उभे राहून केला तोच खरा. घरी एकट्याने केला तर चुका अंगात मुरतात. दुसरा गट आजच्या मिश्र युद्धकलेचा. त्याचे म्हणणे, समोर माणूस नसेल तर नुसत्या हातवाऱ्यांचा उपयोग काय, आणि त्यावर जपानी शब्दांची पोपटपंची कशाला? भांडण कितीही असले तरी निष्कर्ष दोघांचा एकच: एकट्याने काता करणारा वेळ फुकट घालवतो. क्लास लांब पडतो म्हणून, बदली झाली म्हणून, फी परवडत नाही म्हणून एकटी पडलेली कितीतरी मुले हे ऐकून सराव सोडून देतात. याचे मला फार वाईट वाटते, कारण हे मत इतिहासात टिकत नाही आणि काताच्या रचनेतही टिकत नाही.

आधी इतिहास. मुलांच्या ओळी, समोर शिक्षक, ‘इचि, नि, सान’ असे आकडे आणि त्या तालावर एकदम पडणारी पावले, हे चित्र आपल्याला सनातन वाटते. प्रत्यक्षात ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले आहे. आन्को इतोसु यांनी ओकिनावातल्या शाळांत कराटे नेले आणि शाळकरी मुलांना झेपतील असे पाच पिनान काता रचले. वर्ग भरवायचा तर ओळी आल्या, आकडे आले. त्याआधी ओकिनावात असे वर्ग नव्हते. गुरूच्या घरी एखाददुसरा शिष्य जाई, तोही लपूनछपून. पुढे शोतोकान शैली घडवणारे गिचिन फुनाकोशी तरुणपणी रात्री कंदील घेऊन आपले गुरू आन्को आझातो यांच्या घरी जात आणि मागच्या अंगणात एकच काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने करत. आत्मचरित्रात त्यांनी हे सविस्तर लिहिले आहे. आता परंपरावादी म्हणतील, ‘पण आझातो तिथे बसलेले होतेच ना!’ होते. मात्र जोडीदार नव्हता, ओळ नव्हती, आकडे मोजणारा नव्हता. गुरू पाहत होते. घाम एकट्याचा होता आणि तो एकच काता पुन्हा पुन्हा करण्यात गाळलेला होता.

मिश्र युद्धकलेच्या बाजूने बोलणाऱ्यांना चोकी मोतोबु यांचे नाव जवळचे वाटावे. हा माणूस लढवय्या म्हणूनच प्रसिद्ध होता. १९२६ साली त्यांनी कुमितेवर, म्हणजे जोडीने लढण्यावर, पुस्तक काढले आणि त्यात दोघांनी करायचे बारा प्रकार दिले. फुनाकोशींच्या शिकवण्यावर त्यांनी सडकून टीकाही केली. पण याच मोतोबूंनी १९३२ च्या पुस्तकात नाइहांची हा काता मांडला, आणि त्यांची सगळी लढत नाइहांचीच्या पायावर उभी होती. नाइहांची म्हणजे एका रेषेत, फक्त डावी-उजवीकडे सरकणारा काता. तो अरुंद गल्लीतही करता येतो आणि त्यासाठी दुसरा माणूस लागत नाही. हाणामारीचा इतका अनुभव असलेल्या माणसाला जे निरुपयोगी वाटले नाही, ते निरुपयोगी आहे असे ठरवण्याची घाई आपण का करावी?

आता रचना. शोतोकानमधला पहिला काता हेइआन शोदान घ्या. चाली एकवीस, आणि पावलांचा आराखडा आडव्या दोन रेषा व त्यांना जोडणारी मधली उभी रेष. डावीकडे वळून गेदान-बाराई (खालचा प्रहार अडवणे), एक पाऊल पुढे टाकून ओइ-झुकी (ठोसा). मग जवळजवळ तसेच उजवीकडे. मधल्या रेषेवर पुढे जाताना तीन आगे-उके (वरचा प्रहार अडवणे), तिसऱ्यावर किआइ, म्हणजे आरोळी. पलीकडच्या टोकाला पुन्हा डावे-उजवे. परत येताना तीन ओइ-झुकी, शेवटचे किआइसह. अखेरीस चार शुतो-उके (हाताच्या कडेने अडवणे). तीन पावले गेलात, तीन पावले आलात, म्हणून जिथून सुरू केले तिथेच काता संपायला हवा. गच्चीवर खडूने सुरुवातीची जागा आखा आणि करून पाहा. पाऊलभर पुढे संपलात तर परतीची पावले आखूड पडली. बहुधा मांड्या थकल्या आणि गुडघा वाकायचा राहिला. डावीकडे सरकून संपलात तर टोकाच्या २७० अंशांच्या वळणात मागचा पाय नीट ओलांडून गेला नाही. ही चूक सांगायला तिथे कोणी हजर असण्याची गरज नाही. एकट्याच्या चुका त्याला कळतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी काता करताना जमिनीकडे कधी नीट पाहिलेले नाही. चूक पाहायला आरसा लावावा असे वाटेल, पण आरशाने नुकसान होते. काता सतत दिशा बदलतो. वळताना नजर आधी वळायला हवी, आणि आरसा तिला धरून ठेवतो. मोबाइल बाजूला ठेवून चित्रीकरण करावे आणि संपल्यावर पाहावे.

ज्या जपानी शब्दांना पोपटपंची म्हणतात, तेही एकट्याच्याच कामाचे आहेत. जोदान, चुदान, गेदान या वरची, मधली, खालची अशा तीन उंची. माए (पुढे), योको (बाजूला), उशिरो (मागे), मावाशी (गोल) या दिशा आणि वळणे. उके (अडवणे), झुकी (ठोसा), गेरी (लाथ) या क्रिया. दाची म्हणजे पवित्रा. एवढी डझनभर मुळे पाठ केली की हाताशी शेकडो चाली येतात. माए-गेरी, योको-गेरी, उशिरो-गेरी वेगवेगळे घोकावे लागत नाहीत. वर्गात शिकणाऱ्याचे शब्दांवाचून भागते, तो शेजाऱ्याकडे पाहून हात उचलतो. एकट्याला तसा आधार नसतो, म्हणून शब्दांची खरी गरज त्यालाच आहे. वहीत ‘कोकुत्सु-दाची, शुतो-उके, चुदान’ असे लिहिले की पाय, हात आणि उंची या तिन्ही गोष्टी ठरून जातात. ‘मागे वजन ठेवून हाताची कड फिरवणे’ असे लिहिले तर महिन्याने आपले आपल्यालाच उमगत नाही.

पण या शब्दांभोवती पावित्र्य उभे करणाऱ्यांशीही माझे जमणार नाही. पिनानला हेइआन, नाइहांचीला तेक्की, कुशांकूला कांकू ही नावे फुनाकोशींनी तोक्योत आल्यानंतर दिली. पिनान मालिकेतल्या पहिल्या दोन कातांच्या जागांचीही त्यांनी अदलाबदल केली, म्हणून दुसऱ्या शैलीतला, वादो-र्‍यूमधला पिनान निदान तोच शोतोकानचा हेइआन शोदान. एकट्याने पुस्तकातून शिकणारा इथे हमखास गोंधळतो. त्याने एक शैली धरावी आणि तिचेच शब्द वापरावे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागतो, आणि तो कोणत्याही सेन्सेईपेक्षा जास्त वजनाने खुद्द इतोसूंनी मांडला आहे. १९०८ साली शिक्षण खात्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी माकिवारावर, म्हणजे प्रहारासाठी उभ्या केलेल्या फळीवर, रोज हाताने शंभर-दोनशे प्रहार करायला सांगितले. हे काम एकट्याचेच. पण प्रत्येक चालीचा उपयोग जाणून घ्यावा, आणि त्यातले बरेचसे तोंडी परंपरेने मिळते, असेही त्याच पत्रात आहे. अर्थ सांगायला माणूस लागतो. अंतराचा अंदाज, म्हणजे माआइ, समोर माणूस असल्याशिवाय येत नाही. गोजु-र्‍यूचा सांचिन हा काता तर एकट्याने पुस्तकावरून करूच नये. त्यात अंग आवळून श्वास चालवायचा असतो, आणि खांद्यांवर, मांड्यांवर थापा मारून तो ताण योग्य आहे का हे पाहणारा जाणकार हात असावा लागतो.

म्हणून एकट्याने सराव करणाऱ्याने जमेल तेव्हा, वर्षातून दोनदा का होईना, एखाद्या जाणत्या सेन्सेईकडे जावे. जाताना ‘माझे काय चुकते ते सांगा’ एवढेच घेऊन जाऊ नये. ‘सेन्सेई, हेइआन शोदानच्या दुसऱ्या शुतो-उकेला माझे वजन मागच्या पायावरून सुटते, गुडघा आत पडतो, टाच कुठे वळवू?’ असे विचारणाऱ्याला अर्ध्या तासात जे मिळते, ते ओळीत उभ्या असलेल्या मुलाला एवढ्या वेळात मिळत नाही, कारण नेमके काय विचारायचे हे त्याला अजून ठाऊक नसते.