घरी वळलेल्या विड्या आणि कामगारांचे हक्क

तेंदूची पाने, तंबाखू, सूत आणि कात्री एवढ्या सामानावर विडी वळता येते. यंत्र लागत नसल्याने हे काम कारखान्यात चालते तसे घरीही चालते. सिन्नर, सोलापूर, गोंदिया, कामठी येथील विडी कामगारांच्या हक्कांचा इतिहास याच दोन जागांभोवती फिरतो.

विदर्भ ज्यात होता त्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या सरकारने शेतीला मजूर मिळावेत म्हणून 1948 मध्ये कायदा केला आणि शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये तो व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध म्हणून रद्द केला. धंदा वाचला, पण घरी वळणाऱ्यांना कामगाराचा दर्जा मिळाला नाही. सट्टेदार मालकाकडून माल नेऊन बाहेर विड्या वळून घेत. असे सट्टेदार आणि त्यांची माणसे कारखाना कायद्याखालील कामगार नव्हेत, असे 1958 मध्ये ठरले. उलट नागपूरच्या एका कारखान्यातील वळणारे कामगारच आहेत, असा निकाल 1961 मध्ये लागला. तेथे मजुरी नगावर होती आणि येण्या-जाण्याची वेळ सैल होती, पण हजेरी मांडली जाई आणि दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे. त्यामुळे त्यांना पगारी रजेचा हक्क मिळाला.

विडी व सिगार कामगार कायदा 1966 मध्ये आला. मालक किंवा ठेकेदाराकडून माल नेऊन घरी विड्या वळणाराही कर्मचारी ठरला. वीस दिवस कामामागे एक पगारी रजा मिळू लागली. सहा महिने काम केलेल्याला सबळ कारणाशिवाय कमी करता येईना. कारण असले तरी महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी देणे भाग होते. खराब म्हणून विड्या छाटण्यावरून होणारे तंटेही कायद्याच्या कक्षेत आले. मात्र परवान्याची अट राहत्या घराला नव्हती. त्यामुळे घरी माल देणे मालकांना सोयीचेच राहिले.

मालकांनी या कायद्याला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये तो वैध ठरवला. भविष्य निर्वाह निधी घरच्या कामगारांनाही लागू होतो, हे 1985 च्या निकालाने स्पष्ट झाले. खराब विड्या छाटून टाकण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर नियंत्रण त्याचेच आहे, हा त्या निकालाचा आधार होता.

रजा, नोटीस आणि निधी हे हक्क अशा रीतीने घरापर्यंत पोहोचले. काम कोठे करायचे हे ठरवण्याचा हक्क मात्र यांपैकी एकाही कायद्याने कामगाराला दिला नाही.