चाळीस रुपये महिना आणि त्यामागचा हिशेब

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आम्ही इतिहासावर काहीतरी लिहावं, असा कमिटीचा आग्रह होता. विषय मात्र आमच्याच एका वादातून निघाला. विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलामुलींसाठी अभ्यासिका काढायचं ठरलं आणि एका देणगीदार संस्थेने आमच्या हातात आठ पानी अर्ज ठेवला. उद्दिष्ट काय, गरज कशावरून, लाभ कुणाला, तुमचा स्वतःचा वाटा किती, पैसे संपल्यावर पुढे काय? अर्ज वाचून दाखवताच एक वडीलधारे उपासक उठून म्हणाले, "बाबासाहेबांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या दारात अर्ज घेऊन का उभं राहायचं? पावतीपुस्तक काढा, वर्गणी करा." तरुण मंडळी म्हणाली, "वर्गणीत जयंती आणि लाईटबिल भागलं तरी पुष्कळ झालं." दोन्ही बाजू बाबासाहेबांचंच नाव घेत होत्या. तेव्हा आम्ही म्हटलं, बाबासाहेबांनी स्वतः काय केलं तेच बघू या.

सुरुवात १९२४ पासून करावी लागते. त्या वर्षी ९ मार्चला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची उद्दिष्टं आजच्या कुठल्याही अर्जात जशीच्या तशी बसतील. वसतिगृहं काढून शिक्षणाचा प्रसार करायचा, वाचनालयं आणि अभ्यासवर्ग चालवायचे, उद्योग-शेतीच्या शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारायची आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायची. समाज उपाशी होता, म्हणून नुसती मदत द्या, असं त्यात कुठेही नव्हतं. कामं नेमून सांगितली होती.

आता पदाधिकारी कोण होते ते बघा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांमध्ये रँग्लर र. पु. परांजपे, पुढे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेले बा. गं. खेर अशी मंडळी. म्हणजे वरच्या पाट्यांवर पैसा, वजन आणि ओळख असलेली बाहेरची माणसं. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब आणि चिटणीस सी. ना. शिवतरकर. रोजचा कारभार, काय करायचं आणि कसं करायचं हे आपल्या माणसांच्या हातात. ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांची सहानुभूती नाकारून समाजाचं काम पुढे जाणार नाही, हे सभेने मोकळेपणाने मान्य केलं होतं. पण सहानुभूती देणाऱ्याच्या हातात चाव्या दिल्या नव्हत्या. आमच्या वडीलधाऱ्या उपासकांना हा भाग वाचून दाखवला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, पुढे वाचा."

पुढे सोलापूर. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. सोलापूरच का, तर ते गिरण्यांचं गाव, शाळा होत्या, पण खेड्यातून आलेल्या आपल्या मुलाला राहायला जागा देणार कोण? खोली भाड्याने मिळत नव्हती, खानावळीत पान मिळत नव्हतं. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला तरी मुलगा गावातच अडकून पडायचा. गरज नेमकी कुठे आहे हे शोधून तिथेच हात घातला, ही या कामाची खरी खुबी. मुलांच्या जेवणाचा, कपड्यालत्त्याचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिलं. जिवाप्पा ऐदाळे यांनी वसतिगृह सांभाळलं. चाळीस रुपयांत त्या काळीसुद्धा वसतिगृह चालत नव्हतं, बाकीचं जमवावंच लागे. पण नगरपालिका आपल्या कामाला महिन्याच्या महिन्याला पैसे देते, ही गोष्ट रकमेपेक्षा मोठी होती. तिजोरी सगळ्यांच्या करातून भरते, मग आपल्या मुलांचा त्यात वाटा का नसावा? तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही चालवलं. पोटाला आधार मिळाल्याबरोबर मुलं लिहायला लागली, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

गरज सिद्ध कशी करायची, याचा धडा १२ मार्च १९२७ च्या भाषणात सापडतो. बाबासाहेब नुकतेच मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले होते. (आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. एकाच महिन्यात ही दोन कामं!) शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी रडगाणं गायलं नाही, आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात. मग त्यांनी सरकारच्याच वहीतून हिशेब काढला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारी करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतं. निदान जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, एवढंच त्यांचं म्हणणं. यावर कोण काय उत्तर देणार? मागणाऱ्याने देणाऱ्याच्याच हिशेबाची वही उघडली की याचना संपते आणि हक्काचं बोलणं सुरू होतं.

१९२८ च्या जूनमध्ये शिक्षणाच्या कामासाठी वेगळी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई सरकारने पाच वसतिगृहांना मंजुरी दिली, वर्षाला ९,००० रुपये अनुदान ठरलं आणि चालवायचं काम सोसायटीकडे आलं. अनुदान पुरलं नाही. कधी पुरतं? मग नगरपालिकांना, लोकल बोर्डांना, दानशूर लोकांना पुन्हा पत्रं.

आता एक कडू पान. १९३२ मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली, पुढे तिचं नाव हरिजन सेवक संघ झालं. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अ. वि. ठक्कर चिटणीस. पैसा भरपूर उभा राहणार होता. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला बोटीने निघाले होते. १४ नोव्हेंबरला वाटेतूनच त्यांनी ठक्करांना कामाची योजना लिहून पाठवली. त्यात त्यांनी दोन वाटा मांडल्या. एक, माणूस सुधारा : दारू सोडवा, तालीम काढा, वाचनालय काढा. दुसरी, त्याच्याभोवतीची परिस्थिती बदला. माणूस दुःखात आहे तो त्याच्या दुर्गुणांमुळे नव्हे, परिस्थितीमुळे, म्हणून संघाने सगळी ताकद दुसऱ्या वाटेवर लावावी, असा त्यांचा आग्रह. गावची विहीर, गावची शाळा, चावडी, सार्वजनिक वाहन यांच्यावरचा हक्क मिळवून देण्यासाठी मोहीम काढा. नोकरीधंद्यात समान संधी द्या. घरात पाहुणा म्हणून किंवा नोकर म्हणून तरी येऊ द्या. आणि काम करायला माणसं नेमाल ती शक्यतो आमच्यातलीच नेमा, कारण ज्याला प्रेम आहे तोच सेवा करील.

त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. हे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे. योजना कच्ची होती म्हणून असं झालं, असं आम्हाला वाटत नाही. ती पक्की होती आणि तीच अडचण होती. पैसा कशावर खर्च व्हावा, हे ज्यांच्यासाठी तो जमवला त्यांनी सांगावं, ही गोष्ट तिथे पचणारी नव्हती.

तरी बाबासाहेबांनी अर्ज करणं सोडलं नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉयला दिलं. त्यात शिक्षणाचा भाग आम्ही पुनःपुन्हा वाचला. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण पाहिजे, आणि ते आमच्या मुलांच्या ऐपतीबाहेरचं आहे म्हणून सरकारने खर्च करावा. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार पैसे देतंच आहे, हा दाखलाही सोबत जोडला. १९४४-४५ पासून वर्षाला ३ लाख रुपयांची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, ती आधी पाच वर्षांसाठी होती. आपल्या घराघरांत 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणून जिचे फॉर्म भरले जातात, तिचं मूळ इथे आहे. या वस्तीत पदवीधर झालेल्यांनी स्वतःला विचारावं, त्यातली एखादी तरी वर्षाची फी तिच्यातून भरली गेली होती की नाही.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज, हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही.

हे सगळं मांडल्यावर आमच्या बैठकीत वाद मिटला असं नाही, पण वादाचा मुद्दा बदलला. अर्ज करायचा की नाही, हे मागे पडलं. काय लिहायचं, यावर रात्री अकरापर्यंत बसलो. 'गरज' या रकान्यात कुणीतरी आधी 'दीनदुबळ्या समाजातील मुले' असं लिहिलं होतं, ते महिला मंडळाने खोडायला लावलं. त्याऐवजी त्यांनीच घरोघर फिरून कोण किती शिकतं, कुणाच्या घरी एकच खोली आहे, कुणाच्या घरी बारावीच्या पोरीला रात्री दिव्याखाली जागा मिळत नाही, याची यादी केली. 'स्वतःचा वाटा' म्हणून जागा, वीज आणि दोन निवृत्त शिक्षकांचा रोजचा वेळ लिहिला.

एका अटीवर मात्र अडलं. अभ्यासिकेच्या समितीत देणाऱ्यांची माणसं जास्त असावीत, असं अर्जात छापलेलं होतं. आम्ही कळवलं की दोन जागा तुमच्या, हिशेबाची वही दर तीन महिन्यांनी तुमच्यापुढे उघडी, पण कारभार वस्तीचा राहील. त्या पत्राचा मसुदा वाचून पहिली सही त्याच वडीलधाऱ्या उपासकांनी केली.

स्मरणिका छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. तोवर रोज संध्याकाळी ७ ते १० खालच्या हॉलमध्येच सतरंज्या अंथरून मुलं अभ्यासाला बसतात. रविवारी वंदना असते, म्हणून त्या दिवशी ८ नंतर.