साडेसहा लाख डॉलरचं कर्ज, एक लाखाला

आजचा भाग एका पक्षीवाल्याचा आहे, जो कर्जाच्या धंद्यात शिरला. जैवविविधता आणि फायनान्स असं करिअर असतं, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पण थॉमस लव्हजॉय सुरुवात करत होता, तेव्हा ते करिअरच अस्तित्वात नव्हतं!

येलमध्ये जीवशास्त्र शिकलेला हा माणूस ॲमेझॉनच्या जंगलात पक्ष्यांच्या पायात कडी अडकवत फिरायचा. १९७३ मध्ये तो अमेरिकेतल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात गेला. १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते फेडणं जमणार नाही म्हणून हात वर केले, आणि पाठोपाठ लॅटिन अमेरिकेतले बरेच देश अडकले. डॉलर मिळवायचे तर लाकूड तोडा, गुरांसाठी जंगल साफ करा. म्हणजे बँकेचा हप्ता झाडांच्या मुळावर आला. लव्हजॉयने १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सुचवलं की कर्जात सूट द्या आणि बदल्यात जंगल राखून घ्या.

आता यातली गंमत बघा. बुडीत कर्ज बँका स्वस्तात विकून टाकतात. आपल्याकडेही थकलेली कर्जं वसुली कंपन्या कमी भावात विकत घेतात, तसंच. जुलै १९८७ मध्ये कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल या संस्थेने बोलिव्हियाचं साडेसहा लाख डॉलरचं कर्ज एक लाखात घेतलं. डॉलरमागे जेमतेम १५ सेंट! आणि वसुली करायच्या ऐवजी कर्ज माफ केलं. बदल्यात सरकारने बेनी भागातल्या सुमारे १५ लाख हेक्टरला संरक्षण द्यायचं आणि देखभालीसाठी अडीच लाख डॉलरइतका निधी स्थानिक चलनात उभा करायचा, असं ठरलं. जगातली ही अशी पहिली अदलाबदल.

कागदावर डिझाइन एकदम क्लीन. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला तर असलं काही बघून भुरळच पडते. पण निधी यायला १९८९ उजाडलं. आणि त्या १५ लाख हेक्टरांत सगळीकडे कुऱ्हाड थांबणार नव्हती. आत राखीव गाभा होता, पण भोवतीच्या पट्ट्यात ‘नियंत्रित’ वापराला मुभा होती, आणि तिथे लाकूड कंपन्यांचे ठेके चालूच होते.

शिवाय तिथे माणसं राहत होती. चिमाने, मोहेनो असे आदिवासी. सौदा करताना त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मला विचाराल तर खरी गफलत ही. जमीन कोणाची हे न ठरवताच तिचं भवितव्य ठरवलं गेलं.

ऑगस्ट १९९० मध्ये हे लोक त्रिनिदादहून (बेनीची राजधानी, वेस्ट इंडीजमधलं नव्हे) चालत निघाले. सखल रानातून थेट अँडीजच्या थंडीत, ला पाझपर्यंत. ३४ दिवस, सहाशेहून जास्त किलोमीटर. ‘भूमी आणि सन्मानासाठी’ असं त्या मोर्चाचं नाव. सरकारला त्यांचे प्रदेश अधिकृतपणे मान्य करावे लागले.

लव्हजॉय पुढे जागतिक बँकेत जैवविविधतेचा मुख्य सल्लागार झाला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. त्यानंतर दीड वर्षाने इक्वाडोरने गालापागोसच्या समुद्रासाठी १६० कोटी डॉलरचं कर्ज सुमारे ६४ कोटींत सोडवलं. असल्या सौद्यांवर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्यांच्या जाहिराती आता लिंक्डइनवर दिसतात. मी त्या वाचतो, तेव्हा स्थानिक लोकांशी बोलण्याचं काम त्यात कितव्या ओळीवर आहे, ते आधी बघतो.