आहुप्यात मोजलेले 444 तास

मार्च 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वुहानमधल्या दोन रुग्णालयांतल्या 191 करोना रुग्णांची हकिगत छापून आली. त्यातले 54 जण दगावले होते. पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंत त्यांना मिळालेल्या वेळेचा मध्य निघाला साडेअठरा दिवस, म्हणजे 444 तास. मध्य म्हणजे निम्म्यांना याहूनही कमी वेळ मिळाला. दम कधी लागला, रुग्णालय कधी गाठलं, फुप्फुसं कधी हरली, व्हेंटिलेटर कधी लागला, याचेही मध्य त्याच अभ्यासात आहेत. इथे ते शेवटाकडून उलटे मोजले आहेत.

आणि हे घड्याळ लावलं आहे आहुप्यात. आंबेगाव तालुक्याचं हे पश्चिमेचं टोक. पुढे सह्याद्रीचा कडा, कड्याखाली मुरबाड तालुका. काळ एप्रिल 2021 चा, दुसऱ्या लाटेचा. घरातला पन्नाशीचा माणूस कल्पनेतला आहे. त्याच्या फुप्फुसात जे घडतं ते मात्र हजारो माणसांच्या फुप्फुसांत घडलेलं आहे.

उरलेले तास : 444

ताप येतो, अंग मोडून येतं. एप्रिल म्हणजे बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, गोळा करायचे दिवस. आदल्या वर्षी 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळानं या भागातली हिरड्याची झाडं मोडून टाकली होती, त्यामुळे उरलेल्या झाडांवरचा माल सोडून कोण झोपून राहणार? दुखणं अंगावर काढलं जातं. विषाणू शरीरात शिरून एव्हाना साधारण पाच दिवस झालेले असतात. तो अजून मुख्यतः नाकात आणि घशात आहे.

उरलेले तास : 276

सातवा दिवस संपतो आणि दम लागतो. वरवर एवढंच दिसतं. आत काय झालं आहे ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा डाव इथेच फिरतो.

आपल्या फुप्फुसांत 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. त्यांची भिंत एका मायक्रॉनपेक्षा पातळ असते. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. या कोशांत एका जातीच्या पेशी एक स्निग्ध द्रव तयार करतात. तो असतो म्हणून श्वास सोडल्यावर कोश मिटून चिकटत नाहीत. करोनाचा विषाणू नेमक्या याच पेशींत शिरतो. पेशी मरतात, द्रव कमी पडतो, कोश मिटू लागतात. विषाणूशी लढायला आलेली रोगप्रतिकारक फौज भिंतीच सैल करते आणि रक्तातलं पाणी कोशांत झिरपतं.

हे सगळं चाललं असताना माणूस अंगणात बसून चहा पितो. विचारलं तर म्हणतो, “बरं हाय, जरा दम लागतोय.” तो खोटं बोलत नसतो. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते, आणि तो या टप्प्यावर अजून सहज बाहेर पडत असतो. ऑक्सिजन मात्र घसरत जातो. शरीराची धोक्याची घंटा वेळेवर वाजतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 85 असताना मोबाइलवर बोलणारी माणसं डॉक्टरांनी याच लाटेत पाहिली.

इथे खरं तर एक छोटं यंत्र पुरतं. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं घरोघर गेली, त्यांच्या हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर होते. दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य खात्यानं सहा मिनिटं चालून पाहायची चाचणी लोकांपर्यंत नेली. बोटाला ऑक्सिमीटर लावा, सपाट जागेवर सहा मिनिटं चाला. आकडा 93 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तर डॉक्टर गाठा. खर्च जवळपास शून्य. काळजी एकच घ्यावी लागते. काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त असते, हे अमेरिकेतल्या अभ्यासानं डिसेंबर 2020 मध्ये दाखवून दिलं. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या बोटावर 94 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये.

उपचारही इथेच लागू पडायला लागतात. 16 जून 2020 ला ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांतले मृत्यू पाचव्या हिश्शानं आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. म्हणजे औषध कधी द्यायचं हे ठरवायलाही तो बोटावरचा आकडाच हवा.

वुहानच्या आकड्यांत इथून रुग्णालयापर्यंत 96 तास गेले. वुहान हे मोठं शहर. आहुप्यातून निघालं की खोऱ्यातून उतरायचं, डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालायचा, मग घोडेगाव, मग मंचर. टाळेबंदीत एसटीच्या फेऱ्या आटलेल्या. 30 जुलै 2014 ला याच खोऱ्यातली माळीण दरडीखाली गाडली गेली, तेव्हा गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं होतं. इथलं संकट बाहेर कळायलासुद्धा गाडी यावी लागते.

रस्त्याहून मोठा अडसर भीतीचा होता, आणि ती भीती वेडगळ नव्हती. दवाखान्यात नेलेला माणूस परत दिसत नाही, मयतही घरी आणू देत नाहीत, हे लोकांनी ऐकलं होतं आणि पाहिलंही होतं. मग दोन दिवस काढा होतो, एक दिवस गावठी औषध, एक दिवस ‘उद्या बघू’. चार दिवस असे जातात. त्यासाठी घरच्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दाराशी येऊन आकडा सांगणारं, आणि तो का सांगतो आहे हे समजावणारं कुणी आलं असतं, तर यातली कितीतरी माणसं पहिल्याच दिवशी गाडीत बसली असती.

उरलेले तास : 180

रुग्णालय. घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, किंवा दुसऱ्या लाटेत अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात उभं केलेलं जंबो कोविड रुग्णालय. छातीचा सीटी स्कॅन होतो. “स्कोअर किती?” हा त्या महिन्यातला प्रत्येक घरचा प्रश्न. 25 पैकी. परीक्षेत जास्त गुण हवेत, इथे कमी.

नातेवाईक रेमडेसिवीरच्या रांगेत उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीनं ऑक्टोबर 2020 मध्येच सांगितलं होतं की या औषधानं मृत्यू फारसे कमी होत नाहीत. तरी एप्रिल 2021 मध्ये लोकांनी दागिने मोडून ते काळ्या बाजारात घेतलं. चाचणीचा तो निकाल त्यांना कुणी ठामपणे सांगितला नाही, याचा राग अजून जात नाही.

उरलेले तास : 156

फुप्फुसं हरतात. शवविच्छेदनानं या टप्प्याचं चित्र पुढे आणलं. इटलीतल्या त्रिएस्ते शहरात 41 मृतांची फुप्फुसं तपासली गेली. वायुकोशांची व्यापक हानी सगळ्या 41 जणांत होती आणि 29 जणांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत्या. विषाणूनं शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या विद्रूप पेशी केल्या होत्या. जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी सात मृतांची फुप्फुसं इन्फ्लुएंझानं गेलेल्यांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली. केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या करोनात नऊपट जास्त निघाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगळुरूच्या डॉ. दिनेश राव यांनी 62 वर्षांच्या मृताचं विच्छेदन केलं. स्पंजासारखी मऊ असायला हवीत ती फुप्फुसं चामड्याच्या चेंडूसारखी टणक झाल्याचं त्यांनी सांगितलं.

म्हणजे हवा पोचली तर समोर रक्त नाही, रक्त पोचलं तर समोर हवा नाही. मृत पेशी आणि प्रथिनांचा काचेसारखा थर कोशांच्या आतून बसलेला. बाहेरून कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो आत उतरायला जागाच कमी.

उरलेले तास : 96

व्हेंटिलेटर. वुहानच्या त्या 191 जणांत 32 जणांना तो लागला, त्यातला एक वाचला. पुढे जगभर उपचार सुधारले आणि हे प्रमाण पुष्कळ बदललं, पण पहिल्या महिन्यांत तसं होतं.

या अवस्थेत मोठ्या माणसाच्या छातीत हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. इटलीचे डॉ. लुचियानो गात्तिनोनी यांनी करोनाच्या कितीतरी वर्षं आधी त्याला ‘बेबी लंग’ म्हटलं होतं. राखीव साठा म्हणून काही नसतो. नळीतून येणारा प्रत्येक श्वास तेवढ्यापुरता.

तो श्वास अडला की काय होतं, ते नाशिकला दिसलं. 21 एप्रिल 2021, बुधवार, रामनवमी. नाशिक महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. सुमारे दीडशे रुग्ण, बहुतेक ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. दुपारी आवारातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पांढऱ्या वाफेनं आवार भरून गेलं. पुरवठ्याचा दाब घसरला. नातेवाईक सिलिंडर ओढत वॉर्डांत धावले. अग्निशमन दलाच्या मदतीनं गळती थांबली. पुरवठा सुमारे अर्धा तास खंडित होता असं प्रशासनानं सांगितलं. त्या दिवशी 22 माणसं गेली, पुढे हा आकडा 24 झाला. निरोगी फुप्फुसांच्या माणसाला तो अर्धा तास जाणवलाही नसता.

चौकशी समिती नेमली गेली, भरपाई जाहीर झाली, टाकीच्या देखभालीवर प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवेत. पण त्या वॉर्डांत पोचलेली माणसं कितव्या दिवशी, किती सॅच्युरेशनवर आली, हेही विचारायला हवं होतं. टाकीला गळती लागण्याआधी त्यांचा आधार कुठे तुटला, याचं उत्तर त्या आकड्यांत होतं.

उरलेले तास : 0

444 तासांतले 264 तास रुग्णालयाबाहेर गेले. सरकारनं, दानशूरांनी आणि आपण सगळ्यांनी पैसा ओतला तो उरलेल्या 180 तासांवर, त्यातही शेवटच्या 96 वर. व्हेंटिलेटर हवेतच. पण आहुप्यासारख्या गावांचा निकाल दम लागल्यापासूनच्या चार दिवसांत लागतो, आणि त्या चार दिवसांसाठी लागते प्रत्येक वाडीत एक चालू ऑक्सिमीटर, तो वापरणारी आशाताई आणि फोन केल्यावर खरोखर निघणारी गाडी. करोनाच काय, कुठलाही न्यूमोनिया आला तरी हे लागणारच आहे.

घरात ताप आणि खोकला असलेलं मोठं माणूस असेल तर त्याला न सांगता त्याच्या छातीकडे पाहून एक मिनिट श्वास मोजा. 24 किंवा जास्त भरले, किंवा बोटावरचा आकडा 94 च्या खाली गेला, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.