पेनिसिलिनची शेपूट

फ्लेमिंगची १९२८ सालची बुरसटलेली बशी आणि फ्लोरी-चेन यांचे १९४० सालचे ऑक्सफर्डमधले उंदीर शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मला भंडावून सोडलं ते एका अक्षरानं. इंजेक्शनच्या कुपीत असतं ते पेनिसिलिन ‘जी’. युद्धकाळात इंग्लंडमध्ये निघत होतं ते मुख्यतः ‘एफ’. मग आपल्या वाट्याला ‘जी’ कसं आलं?

धागा सापडतो अमेरिकेतल्या पिओरिया गावी. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि त्यांचा सहकारी हीटली बुरशी घेऊन तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत पोचले. जादा शेतमालाला नवं गिऱ्हाईक शोधणं हेच तिचं काम. मक्याचा स्टार्च काढताना दाणे कोमट पाण्यात भिजत घालतात. ते आंबलेलं पाणी आटवलं की उरतो एक दाट, आंबूस काढा. तिथल्या अँड्र्यू मॉयरनं तो बुरशीला खाऊ घातला आणि पेनिसिलिनचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं.

इथवर सगळेच सांगतात. खरी मेख पुढे आहे. पेनिसिलिनचा गाभा ठरलेला, पण त्याची शेपूट बुरशी हाताशी असेल त्या आम्लाची लावते, आणि अक्षर ठरतं ते शेपटीवरून. आंबलेल्या मक्यात फिनाइलअसेटिक आम्लाची भावंडं तयार असतात. ती शेपटीला लागली आणि ‘जी’ निपजलं!

सारं श्रेय एका खरबुजाला देणाऱ्यांना हे पटायचं नाही. १९४३ मध्ये पिओरियातल्याच एका बुरसटलेल्या खरबुजावर जोमदार वाण मिळालं. ते खरबूज प्रयोगशाळेतल्या मेरी हंटनं बाजारातून आणलं की कुणा गृहिणीनं प्रयोगशाळेत पोचवलं, याच्या दोन कथा आहेत. कारखान्यांतल्या बुरशा त्याच घराण्यातल्या, हे कबूल. पण खरबुजानं वाढवली ती रास. जात मक्यानंच ठरवली. अमेरिकेतलं ‘जी’ खरबुजाच्या आधीचं आहे. रसायनशास्त्रज्ञांना शेपूट बदलण्याची युक्ती मक्याविनाही सुचली असती, असं कुणी म्हणेल. सुचली असती, पण माझ्या मते बरीच उशिरा.

पुढे फिनॉक्सिअसेटिक आम्ल मुद्दाम घालून पोटातल्या आम्लाला दाद न देणारं ‘व्ही’ काढलं, म्हणून गोळ्या आल्या. १९५० च्या दशकाअखेरीस बीचम कंपनीच्या लोकांनी बुरशीला शेपटीचं आम्ल दिलंच नाही आणि नुसता गाभा हाती लागला. आता अमॉक्सिसिलिन करायचं तर बुरशीला आधी फिनाइलअसेटिक आम्ल पाजून ‘जी’ करवून घेतात, मग एन्झाइम लावून तीच शेपूट छाटतात आणि त्या जागी नवी जोडतात.